बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे

दिवाळीचे पाहुणे भाऊबीज आटोपली की गाडी गाठतात, ही गृहिणींवर परमेश्वराची कृपाच म्हणायची. पण काही पाहुणे ओसरीवर टेकले की घर आपल्या नावावर करून घेतात. गाजर गवत हे त्या जातीचे. शहरातल्या वाचकांना त्याची ओळख करून द्यायला नको. शेजारचा रिकामा प्लॉट, रेल्वेरुळांची कड, शाळेच्या मैदानाचा कोपरा, कोठेही पाहा. गाजरासारखी पाने आणि बारीक पांढरी फुले घेऊन स्वारी उभी! नावात गवत असले तरी हे गवत नव्हे. सूर्यफुलाच्या गोतातले हे झुडूप मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. पुण्यात ते १९५५ साली आढळले. पी. एल. ४८० करारातल्या गव्हातून ते आले, असे घरोघरी सांगतात. पण भारताशी तो करार झाला १९५६ च्या ऑगस्टात! तेव्हा धान्यातून आले असेलच, तर ते त्याआधीच्या धान्यातून. १९५१ सालीही अमेरिकेने आपल्याला धान्य दिले होते.

कसे का येईना, आले खरे. मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. हा परका एका ठिकाणी माजतो आणि शेजारीच थबकतो, तो का?

बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात माझे मावसभाऊ राहतात. मोरांसाठी १९९४ साली घोषित झालेले नायगावचे अभयारण्य याच तालुक्यातले. बालाघाटचा उघडा डोंगर, मुरमाड जमीन, पाऊस बेताचा. दादांच्या शेताला लागून गावाचे गायरान आहे. मध्ये फक्त दगडी बांध. बांधाच्या पलीकडे, गायरानात, कमरेइतके गाजर गवत माजलेले. अलीकडे दादांनी राखलेले दीड एकर गवताचे रान. त्यात पवन्या, मारवेल, कुसळी, मध्येच रानशेंगांचे वेल. त्या रानात मी फिरून पाहिले. गाजर गवताची जेमतेम पाच-सात रोपे, तीही गाडीवाटेच्या चाकोरीत.

"दादा, तुम्ही इथे औषध मारता का?" मी विचारले.

"औषध कशाला? जागाच न्हाई त्याला बसायला," दादा म्हणाले. "तिकडं गावची समदी जनावरं चरतात. चांगलं गवत खातात अन् ह्याला तोंड लावत न्हाईत. मग हेच राहणार की!"

दादांच्या या चार वाक्यांत शास्त्राचा बराचसा भाग येऊन गेला. एक झाड हजारो बिया टाकते, त्या वाऱ्यावर, पाण्यावर, चाऱ्याच्या गाडीतून जातात. म्हणजे बी दोन्हीकडे सारखेच पडते. पण दाट गवताची मुळे वरच्या थरातली ओल आधीच पिऊन टाकतात, पाती जमिनीवर ऊन पोचू देत नाहीत. बी उगवले तरी उपाशी मरते. गायरानात ओल, ऊन आणि माती अशी तिन्ही फुकट. शिवाय मायदेशी त्याला कुरतडणारे किडे इथे आले नव्हते. आणि बीडला दुष्काळ पाचवीला पुजलेला! १९७२, २०१२, २०१५. अशा सालात गवताचे ठोंब मरतात, आणि पुढच्या पहिल्या पावसाला उघडी जमीन जो आधी उगवेल त्याची. गाजर गवताला उगवायला मुहूर्त लागत नाही. ओल मिळाली की पुरे.

चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९५८ साली परक्या जीवांच्या आक्रमणावर एक ग्रंथ लिहिला. जिथे थोड्याच जाती नांदतात, तिथे परका लवकर शिरतो, असे त्याचे म्हणणे. पुढे अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सीडर क्रीक येथे लहान लहान वाफ्यांत एका जातीपासून चोवीस जातींपर्यंत गवते व फुलझाडे लावून पाहिली. जाती जितक्या जास्त, तितके तण कमी भरले. कारण मातीतला नत्र शिल्लकच उरत नव्हता. मोठ्या प्रदेशाची पाहणी केली तेव्हा मात्र उलटेच दिसले! जिथे देशी जाती पुष्कळ, तिथे परकेही पुष्कळ; सुपीक, ओलसर जागा सगळ्यांनाच मानवते. तेव्हा नुसत्या जाती मोजून भागत नाही. जागा किती भरली आहे आणि ती कोण वारंवार उकरतो, हे पाहावे लागते. आणि दाट गवत म्हणजे अभेद्य तट, असेही नाही. वेडी बाभूळ त्यातही शिरते, कारण शेळ्या तिच्या गोड शेंगा खातात आणि बी लेंडीतून पेरत जातात.

वहिनींच्या मनगटांवर खाजेचे काळे चट्टे आहेत. पलीकडून वाहून आलेले बी कपाशीत उगवते आणि ते खुरपावे लागते. "आता खुरपणीला बायाच येत न्हाईत भाऊजी," त्या म्हणाल्या, "ते गवत हाय म्हटलं की रोज वाढवून मागतात." कित्येकांना या झाडाने त्वचेचा विकार होतो, कुणाला दमाही लागतो.

उपाय नाहीत असे नाही. १९८३ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून एक भुंगा आणला आणि पुढच्या वर्षी तो रानात सोडला. पावसाळ्यात तो पाने चाळणीसारखी करतो. थंडी-उन्हाळ्यात मात्र मातीत दडून बसतो आणि तेवढ्यात गवत पुन्हा डोके काढते. दादांचा भरवसा तरोट्यावर. बांधाच्या पलीकडे दहा हात रुंदीचा पट्टा त्यांनी मृगाआधी तरोटा फेकून झाकला होता. तिथे मला तरोटाच दाट दिसला. खाली उपटलेली जागा उघडी ठेवली की पुन्हा तेच, हे त्यांनी तीन वर्षे पाहिले आहे.

खरा पेच गायरानाचा आहे. दोन पावसाळे चराई बंद ठेवली तर गवत परत येईल, असे दादांनी ग्रामसभेत सांगितले. त्यावर एक शेळीवाली म्हातारी उठून म्हणाली, "दादा, तुमचं दीड एकर हाय. माझ्या सात शेळ्या दोन वर्सं कुठं चारू?" दादांना उत्तर सुचले नाही. शेवटी गायरानाचे चार भाग करायचे, एका वेळी एकच बंद ठेवायचा आणि तिथले गवत विळ्याने कापून भूमिहीनांना आधी द्यायचे, असे ठरते आहे. पहिला भाग कोणता, यावर अजून भांडण चालू आहे.