पंचनाम्यात न बसणारे नुकसान

आपत्ती कोसळली की पहिल्या दोन-चार दिवसांच्या गोंधळानंतर आपली शासनयंत्रणा एका ठरीव क्रमाने हलू लागते. तलाठी येतो, पंचनामा होतो. पडलेल्या भिंती, दगावलेली गुरे, खरवडून गेलेली जमीन यांची नोंद होते आणि त्या नोंदीवरून मदतीची रक्कम ठरते. ही पद्धत निरुपयोगी आहे असे कोणीही म्हणणार नाही. मात्र जे मोजता येते तेवढेच नुकसान, असा एक समज तिच्यातून नकळत रुजत जातो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या समजाची विशेष धास्ती वाटावयास हवी. कारण मोजमापाचा हा मोह मूळचा आमच्याच शास्त्राचा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपेत असताना, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात जे घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. सुमारे ८ हजार माणसे जाड दगडी भिंतींखाली गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला आणि ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. घरांच्या दृष्टीने हे काम लहान नव्हते. पण रुंद रस्ते आणि सरळ आखलेले भूखंड यांच्या त्या वसाहतींत जुन्या गल्लीतले शेजारी एकमेकांपासून दुरावले, ही तक्रार पुढे अनेक अभ्यासकांनी नोंदविली. ज्या ओसरीवर आजी बसे आणि चार घरांची पोरे तिच्या नजरेखाली खेळत, ती ओसरी कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती. साहजिकच तिची भरपाईही कोणी मागितली नाही.

आपत्तीत सापडलेले मूल आपले दुःख शब्दांत सांगत नाही. ते अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडीत नाही, दार आपटले तरी दचकते. किंवा पडझडीचाच खेळ पुन्हा पुन्हा खेळते. मोठ्यांना वाटते की पोर हट्टी झाले, नाही तर म्हणतात, ‘लहान आहे, विसरेल.’ बहुसंख्य मुले कालांतराने सावरतात, हे खरे. पण ती कशाच्या बळावर सावरतात, हाच तर प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर दुसऱ्या महायुद्धातच मिळाले होते. लंडनवर बाँबवर्षाव होत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे युद्धग्रस्त मुलांसाठी शिशुगृहे चालविली आणि १९४३ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. बाँबपेक्षाही आईपासूनची ताटातूट मुलांना अधिक हादरवते आणि जवळचे मोठे माणूस शांत असेल तर मूल पुष्कळसे भय पचवू शकते, असे त्यांना आढळले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, मुलाला आधार द्यावयाचा तर प्रथम त्याच्या सांभाळकर्त्याला आधार दिला पाहिजे. जी आई स्वतः नवरा गमावून, मदतीच्या रांगेत दिवसभर उभी राहून संध्याकाळी छावणीत परतते, तिने मुलाला धीर कोठून द्यावा?

ही गोष्ट औषधाने किंवा शहरातून दोन दिवसांसाठी आलेल्या समुपदेशकाने साधत नाही. आपद्ग्रस्ताला गाठून एकाच बैठकीत सर्व काही आठवावयास लावण्याची जी रीत एके काळी रूढ झाली होती, ती वापरू नये असे आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आंतरराष्ट्रीय मदत संस्थांच्या समन्वय समितीने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या आधाराची रचना पिरॅमिडसारखी कल्पिली आहे. तळाशी अन्न, निवारा आणि सुरक्षितता, तीही माणसाचा मान राखून दिलेली. त्यावर कुटुंब आणि समाज यांचे विस्कटलेले धागे जुळविणे. त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत. आणि अगदी टोकाला, थोड्यांसाठीच, मनोविकारतज्ज्ञ. आपल्याकडे चर्चा होते ती नेमकी टोकाची. ‘मानसोपचारतज्ज्ञ कोठून आणणार?’ असे विचारले की विषय संपतो. वस्तुतः बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने गुजरातचा २००१ चा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या दोन्ही प्रसंगी गावपातळीवरील साध्या कार्यकर्त्यांना शिकवून हे काम करता येते, हे दाखवून दिले आहे. किल्लारी भागातही दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावातील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले होते. काम घरबांधणीचे होते. परंतु खचलेल्या बाईला चार माणसांत बसावयास आणि प्रश्न विचारावयास लावणे, हाही आधाराचाच एक प्रकार असतो. त्याला मानसशास्त्रीय नाव नव्हते, इतकेच.

आता कायद्याकडे पाहू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे १२ वे कलम मदतीच्या किमान मानकांविषयी आहे. त्यात निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सेवा, स्वच्छता आहे. विधवा आणि अनाथ यांच्यासाठी खास तरतूद आहे. सानुग्रह अनुदान आहे. मनाचा उल्लेख नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये मनोसामाजिक आधाराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, हे योग्यच झाले. पण सूचना वेगळी आणि पैशाचे शीर्ष वेगळे. ज्या कामाला खर्चाचे स्वतंत्र शीर्ष नाही ते काम आपल्या कचेऱ्यांत होत नाही, हे वाचकांतील कारकूनवर्गाला मी सांगावयास नको.

याहून विचित्र गोष्ट शिक्षकांच्या बाबतीत घडते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामास जुंपण्यास मनाई केली. अपवाद तीन: जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण. म्हणजे ज्या दिवशी मुलाला ओळखीच्या चेहऱ्याची, घंटेची, ठरलेल्या तासाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच दिवशी शाळेची छावणी होते आणि गुरुजी याद्या करीत हिंडतात! छावणीसाठी इमारत लागते हे मान्य. पण त्याच आवारातील झाडाखाली दोन तास वर्ग भरविणे, मुलांना गाणी, चित्रे, खेळ यांत गुंतविणे, हेच त्या शिक्षकाचे ‘आपत्ती निवारण’ आहे, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांना काढता येणार नाही काय? त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

खर्चाचा आक्षेप येईलच. या कामात सिमेंट नाही, लोखंड नाही. लागतो तो माणसांचा वेळ. गावोगाव अंगणवाडी सेविका आहे, आशा कार्यकर्ती आहे. परंतु त्याच गावात राहणाऱ्या या स्त्रियांचेही घर पडलेले असते, आणि त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. स्वतःच्या घरातील सुतक बाजूला सारून त्यांनी दुसऱ्यांची मुले सांभाळावीत, तेही वाढीव मोबदल्याशिवाय, अशी अपेक्षा धरून आखलेली कोणतीही योजना कागदावरच स्वस्त असते. त्यांना पावसाळ्यापूर्वी प्रशिक्षण, आपत्तीच्या काळात जादा मोबदला आणि आलटून पालटून सक्तीची विश्रांती द्यावयाची तर मदतनिधीच्या निकषांत ती बाब स्पष्टपणे लिहावी लागेल. मृताच्या वारसाला ४ लाख रुपये मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. पण त्याच घरात रात्री दचकून उठणाऱ्या आठ वर्षांच्या मुलासाठी त्या निकषांत एखादी ओळ घालण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राने पुढील पावसाळ्याची वाट न पाहता केंद्राकडे पाठवावा.