संशोधनाची नक्कल कोणास मिळावी?

विद्यापीठांत जें संशोधन चालतें त्याचा खर्च कोण सोसतो, तें छापतो कोण, आणि शेवटीं तें वाचावयास कोणास मिळतें, या प्रश्नांचा विचार आमच्या शेतकरी वर्गानें आजवर फारसा केलेला नाहीं. हा विषय प्रोफेसर मंडळींचा, आपला त्याशीं काय संबंध, अशी समजूत सर्वत्र दिसते. आमच्या मतें ही समजूत चुकीची असून नुकसानीची आहे. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें; परंतु आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें नोंद, तपासणी आणि नक्कल या गोष्टी आम्हांस थोड्याबहुत कळतात, आणि संशोधनाचा सारा व्यवहार अखेर याच गोष्टींचा आहे.

विद्वानांचीं नियतकालिकें जुनींच. सन १६६५ मध्यें लंडन येथें रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ सुरू केलें. एकानें शोध लावावा, तो छापावा आणि इतरांनीं पडताळून पाहावा, ही वहिवाट त्यांतून वाढली. पुढें छापण्यापूर्वींच त्या विषयांतील दोन-तीन जाणत्यांकडून लेख तपासून घेण्याची रीत पडली. आपल्या फेरफारासारखेंच हें आहे. तलाठ्यानें नोंद धरिली म्हणजे ती लागलीच खरी होत नाहीं. हितसंबंधीयांस नोटीस जाते, हरकतीची मुदत जाते, आणि मंडळ अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्यावरच ती सात-बारावर चढते. रीत उत्तम आहे. बिघाड झाला आहे तो पैशाच्या बाजूस.

लेखक लेखाचे पैसे घेत नाहीं. तपासणाराहि बहुधा फुकट तपासतो. दोघांचाहि पगार सरकार किंवा विद्यापीठ देतें. आणि छापणारी कंपनी तोच लेख त्याच विद्यापीठास वर्गणी घेऊन विकते. एल्सव्हिअर या बड्या प्रकाशकाच्या धंद्यांत नफ्याचें प्रमाण शेंकडा ३७-३८ च्या घरांत आहे. कापूस पिकविणारानें फुकट द्यावा, वेचणारानें फुकट वेचावा, आणि जिनवाल्यानें तोच कापूस पिकविणारास रोख भावानें विकावा, असा व्यवहार आपल्या तालुक्यांत कोणीं ऐकला आहे काय? अलीकडे दुसरा मार्ग निघाला, तो असा कीं वाचकानें कांहीं देऊं नये, लेखकानेंच छपाईचा आकार भरावा. ‘नेचर’ या प्रसिद्ध पत्रानें २०२१ पासून यासाठीं एका लेखास ९,५०० युरो दर ठेविला. वाचकाचें दार उघडलें खरें, पण गरीब संशोधकाच्या दारास कडी लागली.

शिवाय लेखकाच्या पैशावर छापावयाचें ठरलें म्हणजे जितके लेख अधिक तितका लाभ अधिक, आणि तपासणी ढिली होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादींत विद्यापीठांच्या शिफारशीनें शिरलेल्या १,००९ नियतकालिकांची पाहणी पुण्याच्या विद्यापीठांतील संशोधकांनीं करून ती २०१८ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें प्रसिद्ध केली. त्यांपैकीं शेंकडा ८८ हून अधिक हलक्या प्रतीचीं असावींत असें त्यांस दिसलें. कित्येकांचा पत्ता व संपादकांचीं नांवेंहि धड नव्हतीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ नियतकालिकें यादींतून काढिलीं. परदेशांतहि तीच गत. हिंदावी या संस्थेचीं नियतकालिकें वायली कंपनीनें विकत घेतल्यावर २०२३ या एका वर्षांत त्यांतील ८,००० हून अधिक लेख मागें घ्यावे लागले. आपल्याकडे एका मंडळांत एका वर्षीं शंभर फेरफार रद्द झाले तर चौकशी लागेल.

आतां आपल्या देशाकडे वळूं. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये. ३० परदेशी प्रकाशक. सुमारें १३,००० नियतकालिकें. आणि लाभ ६,३०० हून अधिक सरकारी विद्यापीठें, महाविद्यालयें व संशोधन संस्था यांस. लहान गांवच्या सरकारी महाविद्यालयांतील मुलास आतां मोठ्या शहरांतील मुलाइतकें वाचावयास मिळतें, हें चांगलें झालें. पण ज्याचें नांव हजेरीपटावर नाहीं त्यास यांत प्रवेश नाहीं. म्हणजे तुम्ही-आम्ही बाहेरच.

कांहीं वर्षांमागें आमच्या शिवारांत एका संस्थेचीं माणसें आलीं. (संस्थेचें नांव घेण्याचें कारण नाहीं.) त्यांनीं मातीचे नमुने नेले आणि घरोघर बसून खतांचीं व विहिरींच्या पाण्याचीं प्रश्नपत्रकें भरून घेतलीं. लोकांनीं दोन दिवस काम टाकून माहिती दिली. त्याचा लेख परदेशी त्रैमासिकांत आल्याचें पुढें कळलें. गांवांतील एका पदवीधर मुलानें तो पाहावयास घेतला, तर नक्कल ३५ डॉलर. जमीन आमची, माती आमची, नकलेची फी मात्र डॉलरांत! सात-बाराचा उतारा मिळण्यास जो दर लागतो तो पाहतां यास काय म्हणावें हें वाचकांनींच ठरवावें.

इतिहासाच्या शास्त्रांतहि हेंच आहे. दख्खनच्या रयतेचें कर्ज, सारापद्धति आणि १८७५ चा सुपें येथील सावकारांविरुद्धचा दंगा यांविषयीं रविंदर कुमार, नील चार्ल्सवर्थ प्रभृतींनीं मोठ्या कष्टानें लिहिलें. पण तें सर्व इंग्रजींत. आमच्या पणजोबांचें कर्जखत आम्हांस परक्या भाषेंत वाचावें लागतें.

याहून मोठी हानि एका गोष्टीची आहे. प्रयोग फसला तर तो बहुधा छापला जात नाहीं. छापणारांस आणि बढती देणारांस यशस्वी प्रयोगच हवा असतो. पैसेवारीसाठीं पीक-कापणी प्रयोग करितांना शेताचा तुकडा आगाऊ ठरलेल्या आंकड्यांवरून निघतो. तेथें पीक मेलेलें असो कीं डोलत असो, तोच कापावयाचा व तेंच वजन लिहावयाचें. मालक म्हणतो, पलीकडचें बरें आहे, तें घ्या. घेतां येत नाहीं. आतां कल्पना करा कीं दहा ठिकाणीं एखाद्या फवारणीचा प्रयोग झाला, दोन ठिकाणीं गुण आला आणि तेवढेच दोन छापले गेले. दुकानदार त्या दोहोंचेंच पत्रक आमच्या हातीं देणार, आणि आठ ठिकाणचा फुकट गेलेला खर्च आमच्या खात्यावर पुन्हां पडणार. न छापलेला निकाल हा असा शेतकऱ्याच्या उधारीच्या वहींत उमटतो.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें नाहीं. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें २०१३ सालीं खुल्या प्रवेशाचें धोरण स्वीकारलें, तिचीं नियतकालिकें मोफत वाचतां येतात, आणि ‘कृषिकोश’ या भांडारांत कृषि विद्यापीठांचे प्रबंध ठेविले जातात. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें तर १ जुलै २०२५ पासून आपल्या पैशावर झालेला लेख प्रसिद्ध होतांच सर्वांस खुला केला पाहिजे असा नियम घातला आहे. आपल्या ६,००० कोटींच्या जोडीस असा नियम असता तर पुढील वर्गणीचा आंकडा उतरण्यास मदत झाली असती.

म्हणून राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारहि कृषि विद्यापीठांकडे आमची मागणी अशी कीं, प्रत्येक प्रबंधास दोन पानांचा मराठी गोषवारा जोडावा व तो ग्रामपंचायतींत वाचावयास ठेवावा. फसलेल्या प्रयोगांची वार्षिक यादी छापावी. आणि ज्याच्या शेतांत प्रयोग झाला त्यास निकालाची नक्कल विनामूल्य द्यावी. येत्या सर्वसाधारण सभेपुढें संस्थेनें या अर्थाचा ठराव ठेवावा. ज्या सभासदांच्या शेतांत असे प्रयोग अथवा पाहण्या झाल्या असतील त्यांनीं गट नंबर, प्रयोगाचें साल व पीक संस्थेच्या कचेरींत लेखी कळवावें, म्हणजे ठरावासोबत तें कोष्टक जोडतां येईल.