मंडपाचे कापड पावसानंतरही आग रोखेल?

अंधेरी ते मुलुंड, गणेशोत्सवात मंडपांचे सुती पडदे विजेच्या माळांना लागूनच असतात. सुती कापड जळत राहायला सुमारे १८ टक्के ऑक्सिजन पुरतो; हवेत तो २१ टक्के असतो. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवून वाळवलेले कापड सहज पेटत नाही. पण हे क्षार पावसात धुऊन जातात. फॉस्फरसयुक्त पॉलिमरचा नीट बसवलेला लेप धाग्याला धरून राहतो. तापताच कापडावर कोळशाचा थर धरतो, ज्वाला मंदावते आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो.

घाटकोपरची ‘बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन’ अशा चाचण्या करते. मंडळांनी डेकोरेटरकडे धुतलेल्या कापडाचा चाचणी अहवाल मागावा. महापालिकेने मंडप परवानगीसाठी तो सक्तीचा करावा.