कार्यकर्तीने फॉर्म भरावा

ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या, की आम्हा समाजकार्य शिकलेल्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो: महिला सदस्यांचे प्रशिक्षण. ग्रामसभेचे अधिकार, महिला सभा, इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नये, वगैरे. बायका मन लावून शिकतात. पाच वर्षांनी आरक्षण फिरते, शिकलेली बाई घरी बसते आणि पुढारी दुसऱ्या कोणाची सून शोधून आणतात. आपण पुन्हा फळा घेऊन तयार! देवगाव फाट्याच्या आसपासच्या गावांत हे पाहून माझे मत पक्के झाले आहे, की ज्या कार्यकर्तीने दहा-बारा वर्षे रेशन, बचत गट, रोजगार हमीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, तिने आता स्वतः उभे राहावे. तेही जमल्यास खुल्या जागेवर.

यावर मैत्रिणी म्हणतात, आपण बिगरराजकीय. संस्थेने कोणाचा प्रचार करू नये हे मान्य. संस्थेची गाडी, पैसा, गटाच्या बैठका यांतले काहीही उमेदवाराने वापरू नये, रजा घ्यावी. पण पगारी काम धरले म्हणून बाईचे नागरिकपण संपते काय?

आपल्याकडे हे नवे नाही. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आल्या. गोरेगावात बायकांमध्ये काम करता करता १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. १९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन चांदवडला भरले, आणि १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला सगळ्या बायकांचे पॅनेल निवडून आले. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, म्हणजे हे सगळे त्याच्या आधीचे.

मोर्चाला आलेली बाई मत देईलच असे मात्र समजू नये. मेधा पाटकर आपल्याच विषयाच्या, टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या. २०१४ साली ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या नि हरल्या. गावात तर मत भावकीत ठरते, पारावर ठरते. गटात आपल्यापुढे मोकळेपणी बोलणारी बाई घरी गेल्यावर कोणाचे ऐकते, हे कार्यकर्तीइतके कोणाला ठाऊक आहे? म्हणूनच तिला संधी आहे असे मला वाटते. सासू कोणाची नि जाऊ कोणाची, हे तिला पाठ असते.

खऱ्या अडचणी निराळ्याच आहेत आणि त्यांवर आपण कधी बोलत नाही. पहिली मतदार यादी. त्या ग्रामपंचायतीच्या यादीत नाव असल्याशिवाय उभे राहता येत नाही. आपले नाव सासरच्या गावी, काम तिसऱ्याच गावी, आणि राहायला भाड्याने तालुक्याला. जिथे ओळख तिथे मत नाही, जिथे मत तिथे आपण फक्त अमक्याची सून. दुसरी अडचण अपत्यांच्या अटीची. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले म्हणून किती चांगल्या बाया बाद झाल्या! मुले किती व्हावीत हे घरात कोणी ठरवले, ते मात्र अर्ज तपासणाऱ्याने विचारले नाही.

तिसरी अडचण मागासवर्गीय मैत्रिणींची. राखीव जागेला जातवैधता लागते, ती वडिलांकडच्या पुराव्यावर मिळते. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, महसुली उतारे, सगळे माहेरी. भाऊ कपाट उघडायला तयार नसतो. कागद मागायला आलेली बहीण उद्या जमिनीत हिस्सा मागेल, ही त्याला धास्ती. (मागावाच, पण तो वेगळा लेख.) निवडणूक जाहीर झाल्यावर महिनाभरात हे होत नाही. तेव्हा ज्यांच्या मनात आहे त्यांनी नाव कोणत्या गावच्या यादीत ठेवायचे ते आत्ताच ठरवावे, आणि या दिवाळीला माहेरी गेल्यावर ओवाळणीच्या ताटात तो दाखला मागून घ्यावा.