धर्माचा रकाना

दिवाळी अंकाचं संपादकीय ख्रिस्ती तरुणांवर लिहिलंय म्हणून काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू देत. बालाघाटातल्या आपल्या गावांमध्ये ख्रिस्ती घरं मोजकी. त्यांच्याकडे फराळाचं ताट पोचवलं की सलोखा झाला, असं आपण समजतो.

त्या घरांतल्या पोराची खरी कसोटी लागते ती जातीच्या दाखल्याचा अर्ज भरताना. धर्माच्या रकान्यापाशी पेन अडतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. दलितांमधून ख्रिस्ती झालेला माणूस अजून बाहेरच. मग कागदावर एक आणि रविवारी दुसरं, अशी कसरत सुरू होते. वर्गात कुणी विचारतं, ‘कितीला बाटलास रे?’ पोरगं तो प्रश्न घरी नेतं, तर उत्तर मिळतं, ‘गप बस, प्रार्थना कर.’ आमच्या मते या गप्प बसवण्यानेच श्रद्धा पोकळ होते. टोमणे तर काय, येतात आणि जातात.

लक्ष्मीबाई टिळकांना कुणी गप्प बसवू शकलं नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. रडल्या, भांडल्या. परत नांदायला आल्यावरही सोवळं सुटलं नव्हतं. जातिभेद माणसाने केलाय हे स्वतःला पटल्यावर सोवळं सोडलं आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. असा विश्वास कुणाच्या टोमण्याने हलत नाही.

फार लांबचंही बघायला नको. सौताड्याच्या धबधब्याची विंचरणा जिथे जाते, त्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० मध्ये आलं. हातपंप त्यांनी मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथे यावं. अडाणी म्हणून हिणवलेल्या बायांना आरोग्यसेविका केलं. ‘कितीला बाटलास’ याला याहून चोख उत्तर आम्हाला माहीत नाही. शेजारच्या धाराशिवला जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून विरोध झाला, धमक्यांचे फोन आले. पाठीचं दुखणं घेऊन ते आले आणि मराठीत खणखणीत बोलले.

ही नावं मंडळीतल्या किती पोरांना ठाऊक आहेत? दिवाळी सरली की कुणी कोयता घेऊन कारखान्यावर जाईल, कुणी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला. तिथे ना पाळक असेल, ना आई.

म्हणून पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना विनंती: पोरं निघायच्या आत तरुण संघाची एक बैठक नुसत्या प्रश्नांसाठी ठेवा. दाखल्याचा प्रश्नही येऊ द्या, उत्तर नसेल तर तसं सांगा. आणि बाकीच्या वाचकांनो, फराळाला आलेल्या त्या पोराला ‘कितीला’ विचारणारा आपल्याच घरातला असेल, तर त्याचा कान आपणच धरायचा.