सोडून दिलेले मुद्दे

अपिलात पाच मुद्दे उपस्थित झाले असता न्यायालयाने एकाच मुद्द्यावर प्रकरण निकालात काढावे आणि बाकीच्यांचा विचार करण्याचे कारण उरत नाही असे म्हणावे, यात गैर काय, असे काही कायदेपंडित विचारतात. न्यायालयांपुढे खटल्यांचे डोंगर साचले आहेत, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु या काटकसरीची किंमत कोण मोजतो?

दिल्लीतील एका कर्मचाऱ्यास १९६९ साली नोकरीतून काढण्यात आले. ते न्याय्य होते काय, हा खरा वाद. मालकाने मात्र ‘हा कायद्याच्या व्याख्येतला कामगारच नव्हे’ असा प्राथमिक मुद्दा पुढे केला. कामगार न्यायालयाने तो फेटाळला, उच्च न्यायालयाने उचलून धरला आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा फेटाळला. चौदा वर्षे लोटली, तरी मूळ वाद होता तेथेच! न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी तेव्हा बजावले की, औद्योगिक न्यायाधिकरणांनी सर्व मुद्द्यांचा निर्णय एकाच वेळी द्यावा. मालक वाट पाहू शकतो. बडतर्फ कामगाराची चूल वाट पाहत नाही.

दिवाणी कायद्याचा रोखही हाच आहे. आणीबाणीतल्या कायद्यांत चांगले म्हणावे असे थोडेच. पण १९७६ च्या दुरुस्तीने, अधिकारक्षेत्रासारखे निव्वळ कायद्याचे मुद्दे वगळता, मूळ न्यायालयाला सर्व मुद्द्यांवर निर्णय देणे भाग पाडले. अपिलाच्या निकालपत्रात निर्णयार्थ मुद्दे, त्यांवरील निर्णय आणि कारणे असलीच पाहिजेत, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१, नियम ३१ सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये संतोष हजारी प्रकरणात पहिल्या अपिलापुरते ते पुन्हा ठासून सांगितले. कारण उघड आहे. दुसरे अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते. तेथे तो एकमेव मुद्दा टिकला नाही, तर प्रकरण बहुधा फेरनिर्णयासाठी खाली येते आणि गरीब पक्षकार पुन्हा पहिल्या पायरीवर.

वकिलाच्या प्रत्येक युक्तिवादाला उत्तर द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. घटनात्मक प्रश्न गरज नसता सोडवू नयेत, हाही संकेत योग्यच. मात्र ज्या मुद्द्यावर निकाल फिरू शकतो, तो अनिर्णित ठेवण्यास खटल्यांची गर्दी ही सबब पुरत नाही.

आमच्या संघटनांच्या वकिलांनीही मुद्दे तोंडी युक्तिवादावर न सोडता लेखी द्यावेत. अंतुले प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, सुनावणीत काय घडले याबाबत निकालपत्रातील नोंदच प्रमाण. ती चुकीची वाटल्यास न्यायाधीशांची आठवण ताजी आहे तोवर त्यांच्याचकडे गेले पाहिजे.