एकाच साच्याची शर्यत

मोटारशर्यतीत सर्वांना एकसारखी गाडी दिली की न्याय झाला, असे मानणारा एक वर्ग आहे. तो प्रशासनातही आहे. म्हणूनच रायपुरात बसून या विषयाला हात घालतो आहे.

उदाहरण पुण्याजवळचे घेऊ. फोक्सवॅगनने २०१० साली भारतात पोलो चषक सुरू केला. चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत तयार होणारी ती पोलो, शर्यतीसाठी सजवलेली, सर्वांना एकसारखी, देखभालही आयोजकांचीच. चालकाने यावे, बसावे, चालवावे. यात खर्च आटोक्यात राहतो आणि नवख्याचा कस लागतो, हे मान्य. परंतु ही केवळ चालकाची परीक्षा झाली. यंत्र घडवणाऱ्याला तीत प्रवेशच नाही. गंमत अशी की, एखाद्या निविदेत ‘अमुकच कंपनीचे यंत्र हवे’ अशी अट आम्ही घातली, तर लेखापरीक्षक आक्षेप घेतल्यावाचून राहणार नाही. मैदानावर मात्र तीच अट समतेच्या नावाने खपते!

धनाढ्य संघच जिंकत राहतो, हा विरोधकांचा आक्षेप खोटा नाही. मग बंधन पैशावर घालावे. फॉर्म्युला वनने २०२१ पासून संघांच्या खर्चाला मर्यादा घातली (पायाभूत आकडा साडेचौदा कोटी डॉलर). गाडीचा सांगाडा मात्र ज्याचा त्यानेच रचायचा. त्याच स्पर्धेत १९७६ साली टिरेलच्या सहाचाकी गाडीने स्वीडनची शर्यत जिंकली होती. कोणत्या खरेदी समितीने सहा चाके मागितली असती?

एकरूपता नेमकी कुठे हवी, हे इंदूरजवळच्या पीथमपूरला कळते. (२००० पर्यंत रायपूरही त्याच राज्यात होते.) तेथे २००७ पासून भरू लागलेल्या ‘बाहा’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेली गाडी खडबडीत वाटेवर पळवतात. इंजिन आयोजकांनी ठरवलेले. चालकाभोवतीच्या पोलादी पिंजऱ्याचे नियम अत्यंत काटेकोर. बाकी सस्पेन्शन, स्टिअरिंग, वजनाची मांडणी सारे मुलांचे. एखादा भाग मोडला, तर तो का मोडला हे त्यांनाच शोधावे लागते. आमच्या दरकरारांत बहुधा उलटे घडते: सुरक्षेच्या कलमांत ढिलाई आणि लांबी-रुंदीच्या बाबतीत हट्ट.

छत्तीसगडात शासकीय साह्याने उद्या एखादी शर्यत भरवायची झाली, तर नियमावली पीथमपूरची मागवावी. आणि कृपा करून ती नस्ती अभिप्रायासाठी खरेदी शाखेकडे पाठवू नये.